परराज्यातील मोटार-अपघात : जखमांचे मोल कोणी द्यावे?

व्यापार आणि प्रवास यांचे नाते अतूट आहे. माल एका ठिकाणी पिकतो, दुसऱ्या ठिकाणी खपतो, आणि या दोहोंमधील अंतर तोडणे हेच व्यापाऱ्याचे काम होय. आम्हा बेळगावच्या व्यापाऱ्यांच्या बाबतीत तर या अंतरात राज्यांच्या सीमाही येतात. सन १९५६ च्या राज्य-पुनर्रचनेने नकाशावर रेषा ओढली. परंतु कोल्हापूर, सांगली, निपाणी, बेळगाव आणि गोवा यांमधील धान्याची ने-आण त्या रेषेने थांबली नाही. रविवार पेठेत सकाळी भरलेली मालमोटार त्याच दिवशी घाट उतरून गोव्यात जाते, आणि कोगनोळीचा नाका ओलांडून येणारा माल संध्याकाळी आपल्या वखारीत पडतो. मालाप्रमाणेच माणसांचेही आहे. लग्नकार्य, औषधोपचार, कुंभोजच्या बाहुबलीचे दर्शन, शिखरजीची यात्रा या निमित्तांनी आपल्या घरची मंडळी वारंवार परराज्यात मोटारीने जात असतात.

अशा प्रवासात अपघात घडला, कोणाचा हात मोडला, कोणाचा पाय गेला, तर त्याच्या औषधपाण्याचा, बुडालेल्या रोजगाराचा आणि जन्मभराच्या अपंगत्वाचा भार कोणी उचलावयाचा? प्रश्न साधा दिसतो. तथापि याविषयी आपल्या पेढ्यांवर जे बोलले जाते ते ऐकून मन खिन्न होते. कोणी म्हणतो, “अपघात दुसऱ्या राज्यात झाला, आता तेथील कोर्टात खेटे कोण घालणार?” कोणी म्हणतो, “विमा आहे ना, मग कंपनी आणि नशीब पाहून घेतील.” आणि पुष्कळजण रस्त्यावरच चार-दोन हजार रुपये हातावर ठेवून “मिटले” असे समजून मोकळे होतात. या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यांची किंमत प्रायः सर्वांत दुबळा माणूस देतो, असे माझे स्पष्ट मत आहे. तेच या लेखात यथामति मांडावयाचे आहे.

प्रथम कोर्टाच्या खेट्यांविषयी. मोटार वाहनाच्या त्रयस्थ-विम्याची सक्ती आपल्या देशात १ जुलै १९४६ पासून आहे. १९५६ च्या दुरुस्तीने अपघाताच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे निर्माण करण्याची सोय झाली. परंतु पुष्कळ वर्षे नियम असा होता की, ज्या भागात अपघात घडला तेथीलच न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. तेव्हा बेळगावच्या माणसाला पुण्याजवळ अपघात झाला तर त्याला पुण्यास जावे लागे. पेठेतील समजूत बहुधा त्या काळची आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि ही अडचण दूर झाली. आता कलम १६६ अन्वये जखमी मनुष्य अथवा मृताचे वारस अपघाताच्या ठिकाणी, स्वतः जेथे राहतात वा धंदा करतात तेथे, किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे, यांपैकी आपल्या इच्छेनुसार कोणत्याही ठिकाणी दावा लावू शकतात. म्हणजे गोव्यात जखमी झालेला बेळगावचा रहिवासी बेळगावातच दाद मागू शकतो. एकाच अपघातासाठी निरनिराळ्या उच्च न्यायालयांच्या हद्दींत दावे दाखल झाले, तर पहिला दावा कायम ठेवून नंतरचे तेथे वर्ग करावेत, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये दिला आहे. राज्याची सीमा ही आता सबब म्हणून पुढे करता येण्यासारखी नाही.

मात्र एक अपवाद ध्यानात ठेवावा. धडक देऊन पळून गेलेले वाहन सापडलेच नाही, तर दाव्याऐवजी शासकीय योजनेतून ठराविक रक्कम मिळते : मृत्यूस २ लाख रुपये व गंभीर दुखापतीस ५० हजार रुपये, १ एप्रिल २०२२ पासून. परंतु तिचा अर्ज ज्या भागात अपघात झाला तेथील महसूल अधिकाऱ्याकडेच करावा लागतो. येथे घरचा पत्ता उपयोगी पडत नाही.

दुसरी अडचण वेळेची. २०१९ च्या दुरुस्तीतील नव्या तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून अमलात आल्या आणि अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करण्याची मुदत पुन्हा घालण्यात आली. या मुदतीच्या योग्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. तरी शहाण्या माणसाने वादावर भिस्त न ठेवता मुदतीवर ठेवावी. हुंडीची मुदत टळल्यावर जो धावाधाव करतो त्याला आपण काय म्हणतो, हे सांगावयास नको.

आता मुख्य प्रश्न : पैसे देतो कोण? ज्याच्या हयगयीने अपघात झाला तो चालक आणि त्याचा मालक हे मूळ देणेकरी होत. मालकाने विमा उतरविला असल्यास तो बोजा विमा कंपनी उचलते. दोन वाहनांच्या धडकेत दोन्ही चालकांची चूक असेल, तर आत बसलेल्या निरपराध प्रवाशाने दोघांची चूक किती किती हे सिद्ध करीत बसण्याचे कारण नाही. तो कोणाही एकाकडून संपूर्ण रक्कम मागू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले आहे. दोन जामीनदारांपैकी कोणाहीकडून सावकाराने सगळे कर्ज वसूल करावे आणि त्या दोघांनी आपसात हिशेब करावा, तसाच हा प्रकार आहे.

चालकाचा परवाना सदोष निघाला अथवा मालमोटारीस त्या राज्यात जाण्याची परवानगी नव्हती, तर काय? परराज्यातील अपघातात हा मुद्दा हमखास निघतो. अशा पुष्कळ प्रकरणांत न्यायालये विमा कंपनीस सांगतात की, प्रथम जखमीला पैसे द्या आणि मग ते मालकाकडून वसूल करा. आपल्या अडतीच्या धंद्याशी ही रीत मिळतीजुळती आहे. शेतकऱ्याचा माल विकला की अडत्या त्याची पट्टी चुकती करतो. खरेदीदाराकडून पैसे येवोत वा न येवोत, ते मागून पाहावयाचे असतात. शेतकऱ्याने खरेदीदाराच्या दारात बसू नये म्हणून अडत्या मध्ये उभा असतो. जखमी माणसाने मालकाच्या दारात बसू नये म्हणून विमा कंपनी मध्ये उभी आहे. परंतु यातून मालक सुटला असे कोणी समजू नये. वसुलीचा कागद अखेर त्याच्याच घरी येतो.

आणि विमाच नसेल तर? त्याचा दंड पहिल्या वेळी २ हजार रुपये अथवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. हा दंड पाहून कित्येकजण हप्ता चुकवितात. पण दंड सरकारचा असतो. जखमीचे देणे वेगळे असते आणि ते लाखांत जाते. विमा नसलेले वाहन पोलिसांनी अडकवून ठेवावे व वेळप्रसंगी विकून नुकसानभरपाई द्यावी, अशी व्यवस्था करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यांना सांगितले आहे. जुनी मोटार विकून नाव बदलून न देणाऱ्यांसही याच वर्षीच्या एका निर्णयाने इशारा मिळाला : नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक आणि तोच देणेकरी. आपल्याकडे बेळगावची मोटार गोव्यात अथवा कोल्हापुरास विकली जाते, “नाव नंतर चढवू” असे तोंडी ठरते, आणि वर्षे लोटतात. हा व्यवहार म्हणजे कोऱ्या कागदावर सही देण्यासारखा आहे.

येथवर कायदा जखमीच्या बाजूचा आहे. परंतु काही माणसे या छत्राच्या बाहेर राहतात, आणि ती नेमकी आपल्याच आश्रयास असलेली असतात. मालमोटार ही माल वाहण्यासाठी आहे. तीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे २००३ व २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनी कायम झाले आहे. स्वतःच्या मालाबरोबर जाणारा शेतकरी किंवा त्याचा प्रतिनिधी यांस १९९४ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले. पण न्यायालयांनी तेही चालकाच्या केबिनमध्ये बसलेल्यासाठी मानले आहे, पोत्यांच्या थप्पीवर बसलेल्यासाठी नव्हे.

काही वर्षांपूर्वी आमच्या पेठेतून घाटाखाली निघालेली एक भाड्याची मालमोटार वळणावर कलंडली. पोत्यांवर तीन हमाल बसले होते. एकाचा पाय गुडघ्याखालून गेला. वाहनमालक म्हणाला, “हमाल माझे नव्हेत, दुकानदाराचे.” विमा कंपनी म्हणाली, “ज्याचा विमा आम्ही उतरविला त्याचे हे नोकर नव्हेत. मग हे फुकटे प्रवासी.” दुकानदार म्हणाला, “मोटार माझी नव्हे.” तिघांचेही म्हणणे कागदोपत्री समर्थनीय होते, आणि म्हणूनच तो हमाल तिघांच्या मधल्या फटीत पडला. पेठेने वर्गणी केली, काही महिने घर चालले. पुढे तो एका वखारीच्या दारात राखणीस बसला. वर्गणी हे दयेचे कृत्य आहे आणि ते स्तुत्यच आहे. पण ज्याचे देणे लागतो त्यास दया दाखविणे म्हणजे ऋण फेडणे नव्हे.

खरे पाहता अशा हमालाचे नाते दुकानाशी असते. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याने कामावर असताना झालेल्या इजेचा बोजा मालकावर, म्हणजे आपल्यावर येऊ शकतो. आपण मालाचा वाटेतील विमा उतरवितो, गोदामाचा आगीचा विमा उतरवितो. तुरीची पोती भिजली तर कोणाकडे किती मागावयाचे हे आपल्याला तोंडपाठ असते. पोती वाहणाऱ्या पाठीचा विमा मात्र आपल्या खतावणीत सहसा आढळत नाही. या विम्याचा खर्च इतर खर्चांच्या मानाने फारसा नसतो. कमतरता पैशांची नसून लक्षाची आहे.

दुसरी गोष्ट याहून अधिक टोचणारी आहे. जखमीला किती रक्कम मिळावी हे त्याच्या मिळकतीवरून ठरते. न्यायालयांची रीत आता ठरलेली आहे : वार्षिक मिळकत घ्यावयाची, पुढील वाढीसाठी चाळीस वर्षांखालील स्वतंत्र कमावत्या माणसास त्यात शेकडा ४० मिळवावयाचे, वयानुसार ठराविक पटीने गुणावयाचे, आणि कमावण्याची शक्ती शेकडा किती गेली तितका भाग द्यावयाचा. समजा, ३८ वर्षांच्या हमालाची प्राप्ती महिना १५ हजार रुपये आहे. वर्षाचे १ लाख ८० हजार, वाढ धरून २ लाख ५२ हजार, या वयाचा गुणक १५, म्हणून ३७ लाख ८० हजार. कमावण्याची शक्ती शेकडा ६० गेली असे ठरल्यास २२ लाख ६८ हजार रुपये. आता त्याच्या प्राप्तीचा एकही कागद नाही आणि न्यायाधिकरणाने अंदाजाने महिना १० हजार धरले, तर हीच रक्कम १५ लाख १२ हजार होते. औषधपाणी व इतर बाबी दोन्हीकडे सारख्याच. म्हणजे एका वहीच्या अभावी त्या कुटुंबाचे ७ लाख ५६ हजार रुपये बुडाले. ती वही कोणी ठेवावयाची होती? आपण.

हाच न्याय आपल्यालाही लागू आहे. जो व्यापारी कर वाचविण्यासाठी वर्षानुवर्षे उत्पन्न कमी दाखवितो, त्याच्या अपघातानंतर त्याचे कुटुंब तेच विवरणपत्र घेऊन न्यायाधिकरणापुढे उभे राहते. “प्रत्यक्षात प्राप्ती याहून पुष्कळ होती” असे तेथे सांगण्यास तोंड कोणते? सचोटीचा हिशेब हा परमार्थासाठी असतो असे आपण मानतो. तो प्रपंचासाठीही असतो, हे येथे रोख आकड्यांत दिसते. मिळकत नसलेल्या गृहिणीच्या बाबतीत मात्र न्यायालयांनी उदार दृष्टी घेतली आहे. घरकामाचे आर्थिक मोल धरलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली पुन्हा बजावले आहे, आणि ते सर्वथा योग्य आहे.

यात्रेस जाणाऱ्या मंडळींसाठी दोन शब्द. पांढऱ्या पाटीची खाजगी मोटार भाडे ठरवून नेली, तर पॉलिसीच्या अटीचा भंग होतो आणि विमा कंपनीस वाद घालण्यास जागा मिळते. स्वतःच्या मोटारीतही केवळ कायद्यापुरता विमा असल्यास आत बसलेली आपलीच माणसे त्यात येत नाहीत. सर्वसमावेशक पॉलिसी असल्यास येतात. मालक स्वतः चालवीत असेल तर त्याची इजा त्रयस्थ-विम्यात येत नाही. त्यासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा ठरविण्यात आला आहे. हप्ता किती स्वस्त पडला हे आपण शेजाऱ्यास अभिमानाने सांगतो. त्या हप्त्यात काय वगळले आहे हे विचारण्याची सवय मात्र लागली पाहिजे.

प्रत्यक्ष अपघातानंतरचे पहिले तास सर्वांत मोलाचे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते-अपघातातील जखमींसाठी योजना जाहीर केली. तीनुसार अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत रोख पैसे न भरता मिळावयाचे आहेत, आणि जखमी कोणत्या राज्याचा हे त्यात पाहावयाचे नाही. अपरिचित गावी, खिशात पैसे नसताना, “आधी अनामत भरा” हे शब्द ज्याने ऐकले असतील त्यास या योजनेची किंमत कळेल. ती सर्वत्र नीट अमलात येते की नाही हे पाहणे मात्र लोकांच्या जागरूकतेवर अवलंबून आहे. जखमीला रुग्णालयात पोचविणाऱ्या परोपकारी माणसास दिवाणी-फौजदारी त्रास होऊ नये, असे संरक्षणही कायद्याने २०१९ साली दिले आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने मोटार पुढे दामटणे आता क्षम्य नाही. जीवदयेचे नाव घेणाऱ्या समाजास तर मुळीच नाही.

रस्त्यावरच्या तडजोडीबद्दल एक सावधगिरी सांगतो. विमा कंपनीकडून चूक कोणाची हे न पाहता मिळणारी ठराविक रक्कम, म्हणजे मृत्यूस ५ लाख व गंभीर दुखापतीस अडीच लाख रुपये, जखमीने स्वीकारली की त्याचा मोठा दावा संपुष्टात येतो. काही प्रकरणांत हा मार्ग सोयीचा ठरतो. पण ज्याचा पाय गेला आहे त्याने, वरील हिशेब न करता, घाईने सही करू नये.

या मतावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, खोटे दावे फार होतात. होतात, हे मी नाकारीत नाही. खोटी जखम, बदललेला चालक, दलालांची साखळी हे प्रकार न्यायालयांनीही उघडकीस आणले आहेत. पण बाजारात खोटी वजने सापडतात म्हणून आपण तराजू मोडीत काढीत नाही, वजने तपासतो. दुसरा आक्षेप असा की, विम्याचे हप्ते आधीच डोईजड झाले आहेत, त्यात हा आणखी भार. यातही तथ्य आहे. तथापि मालाच्या किमतीत भाडे, हमाली, तोलाई, बारदान आणि बाजार समितीचा कर हे सर्व आपण धरतोच. वाहतुकीत माणसाच्या देहाला पोचणारा धोका हाही त्या वाहतुकीचाच खर्च होय. तो किमतीत धरला नाही म्हणून तो नाहीसा होत नाही; तो फक्त ज्याला हिशेब येत नाही त्याच्या घरी जाऊन पडतो.

माझे म्हणणे थोडक्यात इतकेच की, ज्याच्या नफ्यासाठी चाक फिरते त्याने त्या चाकाखाली येणाऱ्या जखमेची तरतूद आधी करावी. अपघात सीमेच्या अलीकडे झाला की पलीकडे, याने त्या कर्तव्यात फरक पडत नाही. हे काम एकट्या-दुकट्याचे नाही, संघाचे आहे. म्हणून कार्यकारी मंडळापुढे पुढील सूचना सादर करतो. सभासद दुकानांनी आपल्या हमाल-तोलारांच्या रोजाची वही ठेवावी आणि त्यांची मजुरी शक्य तो बँकेमार्फत द्यावी. त्यांचा सामुदायिक अपघात विमा संघाच्या पुढाकाराने उतरवावा. भरलेल्या पोत्यांवर माणूस बसविणाऱ्या मालमोटारीस पेठेतून माल भरून देऊ नये. भाड्याच्या वाहनाचा विमा, परवाना व परराज्यात जाण्याची परवानगी पाहिल्यावाचून पावती फाडू नये. आणि कोल्हापूर, पणजी व हुबळी येथील आपल्या व्यापारी बंधूंच्या सहकार्याने अशी व्यवस्था व्हावी की, परगावी अपघात झाल्यास तेथील दोन माणसे तासाभरात रुग्णालयात पोचतील, पोलीस ठाण्यातील नोंद नीट झाली की नाही ते पाहतील, आणि जखमीचे कागद जपून ठेवतील.

यांपैकी एकाही गोष्टीस मोठा निधी लागत नाही. लागते ती शिस्त, आणि ती आपल्या पेढ्यांवर पिढ्यान्पिढ्या आहे. आपण दिवाळीस वही-पूजन करतो, जुनी येणी-देणी पाहतो आणि नव्या वहीवर पहिली ओळ लिहितो. येत्या वर्षीच्या वहीत देण्याच्या बाजूस हे एक खाते उघडावे, अशी संघाच्या सर्व सभासदांस माझी नम्र विनंती आहे.